ऑनलाइन लिलावातल्या नाणेसंग्रहाला किती मोजावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक नाणं विकत घेणं वेगळं आणि अख्खा संग्रह उक्ता घेणं वेगळं. एका नाण्याचा भाव शोधला तर सापडतो. संग्रहात वीस चांगली नाणी, दीडशे सामान्य, दोन-चार बनावट आणि विकणाऱ्यानेही न ओळखलेलं एखादं, असं सगळं एकाच लॉटमध्ये येतं आणि त्या सगळ्याला मिळून एकच आकडा सांगायचा असतो. मी असे लॉट बरीच वर्षं घेतो आहे. काही फळले, काहींनी चांगलाच धडा दिला. नवीन संग्राहक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: आकडा बोली सुरू होण्याआधी, कागदावर ठरलेला हवा.

संग्रहाची किंमत काढायला सुरुवात कुठून करायची?

शेवटापासून. हीच नाणी उद्या तुम्हाला एकेक करून विकावी लागली, तर हातात किती पडेल? तो आकडा आधी काढायचा आणि मग मागे येत येत बोलीपर्यंत पोहोचायचं. सुरुवातीच्या बोलीपासून किंवा लिलावगृहाने छापलेल्या अंदाजापासून निघालात, तर तुम्ही दुसऱ्याच्या हिशेबात अडकलात. ते अंदाज पुष्कळदा मुद्दाम कमी ठेवलेले असतात, कारण कमी अंदाज पाहून जास्त लोक बोलीला येतात.

मी कागदावर तीन रकाने करतो. पहिल्यात अशी नाणी, ज्यांचं वर्ष, टांकसाळीचं चिन्ह आणि दर्जा फोटोत स्पष्ट दिसतो. या प्रत्येकाचा भाव स्वतंत्र शोधायचा. दुसऱ्यात सोन्या-चांदीची पण सामान्य नाणी, ज्यांना धातूच्या भावाच्या वर फारसं काही मिळत नाही. तिसऱ्यात उरलेलं सगळं: धूसर फोटो, ढीग, ‘इतर १२० नाणी’ असं लिहिलेली पिशवी. या तिसऱ्या रकान्याशी कठोर वागायचं. तिथे आशा नोंदवायची नाही.

बहुतेक संग्रहांमध्ये किमतीचा मोठा भाग मोजक्या नाण्यांत असतो. दोनशे नाण्यांच्या लॉटमध्ये सात-आठ नाण्यांवर सगळा डोलारा उभा असतो. ती सात-आठ ओळखली की तुमचा अभ्यास नेमका कुठे करायचा ते कळतं. एखाद्या लॉटवर दोन तास देणार असाल, तर त्यातला दीड तास याच नाण्यांना द्या.

भाव कुठे बघायचे? कॅटलॉगमधले की संकेतस्थळांवरचे?

कॅटलॉग नाणं ओळखण्यासाठी वापरा. भावासाठी प्रत्यक्ष झालेले सौदे बघा. छापील किंमत एकदा छापली की तिथेच थांबते, बाजार पुढे जातो. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची वेगळी गाळणी आहे, ती लावल्याशिवाय तिथला एकही आकडा वहीत उतरवू नका. विक्रीला लावलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. एखादं नाणं दोन वर्षं त्याच चढ्या किमतीला लटकलेलं दिसलं, तर त्यातून एवढंच कळतं की त्या भावाला कुणी घेत नाही. मोठ्या लिलावगृहांच्या स्वतःच्या जुन्या निकालांच्या याद्या उघड असतात. प्राचीन नाण्यांसाठी कॉइनआर्काइव्हज आणि एसीसर्च यांसारखी, जुन्या लिलावांचे निकाल साठवणारी संकेतस्थळं उपयोगी पडतात. नाणं कोणतं हेच कळत नसेल, तर नुमिस्टा या नाण्यांच्या संकेतस्थळावर चित्रावरून शोधता येतं.

निदान पाच सौदे बघा, त्याच वर्षाचे, त्याच टांकसाळीचे आणि जवळपास त्याच दर्जाचे. सगळ्यात वरचा सौदा बाजूला ठेवा. तिथे दोन हट्टी बोलीदार समोरासमोर आले असतील, आणि तुम्ही विकाल त्या दिवशी ते दोघे असतीलच असं नाही. उरलेल्यांतला मधला आकडा घ्या.

आणखी एक गोष्ट तपासायची राहूनच जाते: दिसणारा आकडा हातोड्याचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा आहे, की लिलावगृहाच्या कमिशनसकट? १९३३ च्या अमेरिकन डबल ईगल या २० डॉलरच्या सोन्याच्या नाण्याचं उदाहरण घ्या. २००२ साली न्यूयॉर्कच्या लिलावात हातोडा पडला ६६ लाख डॉलरवर. त्यावर १५ टक्के खरेदीदाराचं कमिशन चढून आकडा झाला ७५ लाख ९० हजार. शिवाय नाणं कायदेशीर चलन ठरावं म्हणून सरकारला त्याचे दर्शनी २० डॉलर वेगळे द्यावे लागले. एकाच सौद्याचे हे तीन आकडे, आणि तिन्ही खरे. तुमच्या हजाराच्या लॉटमध्येही हाच घोळ होतो. एका संकेतस्थळावर हातोड्याचा भाव दिसतो, दुसऱ्यावर कमिशनसकट, आणि आपण दोन्हींची सरसकट सरासरी काढून बसतो.

धातूचा, म्हणजे मोडीचा भाव कसा काढायचा?

नाण्याचं वजन गुणिले शुद्धता, म्हणजे त्यातला शुद्ध धातू. आंतरराष्ट्रीय भाव ट्रॉय औंसात सांगतात आणि एक ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅमचा असतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावरचा साधा औंस २८.३५ ग्रॅमचा, तो इथे चालत नाही. या एका चुकीने हिशेब दहा टक्क्यांच्या आसपास फसतो.

अमेरिकेचा मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा, ९० टंच चांदीचा. म्हणजे शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम. ब्रिटिश सॉव्हरिन ७.९८८ ग्रॅमचं, २२ कॅरेटचं. त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. हे दोन आकडे पाठ असले तर अर्ध्या लॉटांचा पाया लगेच कळतो.

शुद्धता वर्षावर अवलंबून असते, आणि विकणारे तिथेच हमखास चुकतात. ब्रिटनने १९२० साली चांदीची नाणी ९२.५ वरून ५० टंचांवर आणली आणि १९४७ पासून चांदी काढून तांबं-निकेल वापरलं. हाफ क्राउनचं वजन तिन्ही काळांत १४.१४ ग्रॅमच. पण १९१९ च्या नाण्यात १३ ग्रॅम चांदी, १९३० च्या नाण्यात ७ ग्रॅम आणि १९४८ च्या नाण्यात शून्य. वर्णनात नुसतं ‘४० जुनी ब्रिटिश चांदीची नाणी’ असेल तर वर्षांची यादी मागा. अमेरिकेच्या डाइम आणि क्वार्टरमधली चांदी १९६५ च्या नाण्यांपासून गेली. १९६४ पर्यंतची ९० टंच.

मोडीच्या भावाने संग्रह घेणं सुरक्षित आहे असं समजू नका. धातू हलतो. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली होती, आणि मार्चअखेरीस ती ११ डॉलरच्या आसपास होती. लिलाव दोन आठवडे उघडा असेल तर पहिल्या दिवशी काढलेला आकडा शेवटच्या दिवशी पुन्हा काढा. शिवाय मोड घेणारा पूर्ण भाव देत नाही, त्याची कपात धरूनच दुसऱ्या रकान्यात आकडा लिहा.

फोटोवरून दर्जा खरंच ओळखता येतो का?

बराचसा येतो, पण डोळा बसावा लागतो. माझा डोळा कसा बसला ते सांगतो, कारण त्यासाठी मी पैसे मोजले आहेत.

काही वर्षांपूर्वी एका लिलावगृहाच्या संकेतस्थळावर मोठ्या चांदीच्या नाण्यांचा लॉट होता, तीस नग. वर्णन होतं ‘उत्तम स्थिती’. फोटो पिवळसर उजेडातले, नाणी अल्बमच्या प्लास्टिकमध्येच ठेवून काढलेले. मी उत्तम दर्जाच्या भावाने हिशेब केला आणि लॉट घेतला. पेटी उघडली तर सगळी नाणी घासून धुतलेल्या भांड्यांसारखी पांढरीफटक. एक उचलून खिडकीशी तिरकं धरलं. राणीच्या गालावर डावीकडून उजवीकडे बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने, जणू कुणीतरी कापडाला पावडर लावून एकाच हाताने रेटलं होतं. अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र काळी राप तशीच होती, कारण कापड तिथे पोहोचत नाही. एका नाण्याचा काठ मस्तकाच्या बरोबर वर कानशीने सपाट केलेला होता; कधीकाळी तिथे कडी डकवून ते पदक म्हणून घातलं गेलं होतं. तीसपैकी बावीस नाणी मोडीच्या भावाने गेली. वर्णन चुकीचं होतं अशी तक्रार केली, तर ‘फोटो दिले होते’ एवढंच उत्तर आलं. ते मला तेव्हा फार लागलं. पण फोटोत ते सगळं होतं हेही खरं. मी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून मी फोटो मोठा करून ठरावीक जागा बघतो. आधी सगळ्यात उंच भाग: कानावरचे केस, गाल, गरुडाची छाती. झीज पहिल्यांदा तिथे दिसते. मग मोकळं मैदान, म्हणजे चित्र आणि अक्षरं यांच्यामधली सपाट जागा. न वापरलेल्या नाण्यावर तिथे चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घासलेल्यावर ती सगळीकडे सारखी आणि निर्जीव असते. मैदान लखलखीत आणि खाचांत काळं असेल, तर नाणं साफ केलेलं आहे असं धरा. मग काठ, विशेषतः वरचा आणि खालचा. शेवटी हिरवट चिकट डाग: जुन्या पीव्हीसीच्या पाकिटांमुळे ते येतात. वेळेत शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलं तर ते निघतात, पण पृष्ठभाग खाल्ला गेला असेल तर तो भरून येत नाही.

शंका असेल तर विकणाऱ्याला नाणं उजेडाखाली हळूहळू तिरकं करत काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा. पाच-सात महत्त्वाच्या नाण्यांपुरता मागितला तर बरेच जण देतात. नाही दिला तर दर्जा एक पायरी खाली धरा. साफ केलेल्या नाण्याला मी न साफ केलेल्याच्या निम्म्याहून जास्त कधीच लिहीत नाही, आणि सामान्य वर्षाचं असेल तर सरळ मोडीच्या रकान्यात टाकतो.

सीलबंद, प्रमाणित नाणी असतील तर डोळे झाकून बोली लावावी का?

डोळे उघडे ठेवूनच. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन कंपन्यांनी अनुक्रमे १९८६ आणि १९८७ मध्ये ग्रेडिंग, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवून ते डबीत सीलबंद करणं, सुरू केलं, आणि अनोळखी माणसाकडून दुरून नाणं घेणं त्यामुळे पुष्कळ सोपं झालं. ते वापरतात ती १ ते ७० ची मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली होती. मूळ कल्पना भावाचीच होती: १ दर्जाच्या नाण्याला जो भाव, त्याच्या ७० पट परिपूर्ण नाण्याला. ते गणित केव्हाच मोडलं. आज ६४ आणि ६५ या शेजारच्या आकड्यांत कधी नगण्य फरक असतो, कधी भाव कितीतरी पटींनी उडी मारतो. म्हणून सौदे बघताना नेमक्या त्याच आकड्याचे बघा.

स्लॅबवरचा, म्हणजे त्या सीलबंद डबीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून फोटोशी ताडून पाहा. डबीही बनावट असते, आणि खऱ्या नाण्याचा खरा क्रमांक छापलेली बनावट डबीही असते. म्हणून नुसता क्रमांक जुळून भागत नाही, नाण्यावरचा एखादा ओरखडा किंवा डागही जुळला पाहिजे. कधी नाव न ऐकलेल्या कंपनीच्या डबीत सगळीच नाणी ६९ आणि ७० दर्जाची दिसली, तर ती डबी नाही असं समजून आत काय आहे त्याचा भाव लावा.

टांकलेली संख्या कमी असेल तर नाणं दुर्मीळच ना?

टांकली किती, उरली किती आणि हवी किती जणांना आहेत, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. कोणत्या वर्षाचे किती गेले याची नोंद ठेवली गेली नाही, त्यामुळे छापील टांकसंख्येवरून उरलेल्यांचा अंदाज बांधता येत नाही. उलट टोकाला अशी कितीतरी नाणी आहेत जी मोजक्या हजारांतच टांकली गेली आणि जवळपास सगळीच्या सगळी पेट्यांत जपून ठेवलेली आहेत, पण घेणारा कुणी नाही.

मखमली पेटीतल्या स्मारक नाण्यांच्या मालिका याच दुसऱ्या गटात येतात. प्रमाणपत्र, क्रमांक, चकचकीत पेटी, ‘मर्यादित आवृत्ती’, सगळं असतं. घेणाऱ्याने दर महिन्याला हप्ता भरून हौसेने जमवलेलं असतं, आणि वारसांना ते फार मोलाचं वाटतं. त्यांना वाईट वाटतं हे मला कळतं, पण लिलावात यातल्या बहुतेकांना आतल्या धातूएवढंच मिळतं. सोन्याचा मुलामा दिलेलं तांबं असेल तर तेवढंही नाही.

वर्षाचंही असंच. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा थेलरवर १७८० लिहिलेलं असतं, पण राणीच्या मृत्यूनंतरही व्यापारासाठी ते त्याच वर्षाने टांकलं जात राहिलं; व्हिएन्नात, आणि पुढे रोम, लंडन, पॅरिस अशा टांकसाळींतही. ‘२४० वर्षं जुनं’ असं वर्णन वाचून बोली चढवणारे मी पाहिले आहेत. बहुतेक थेलर २८.०७ ग्रॅमची ८३.३ टंच चांदी म्हणूनच मोजावेत, जोवर टांकणीच्या बारीक खुणा वेगळं काही सांगत नाहीत.

लॉटमध्ये तीनशे नाणी आहेत आणि फोटोत चाळीसच दिसतात. बाकीच्यांचं काय?

विकणाऱ्याने कोणती चाळीस दाखवली असतील? जी सगळ्यात चांगली वाटली ती. तेव्हा न दिसणारी दिसणाऱ्यांसारखी असतील हे गृहीत धरायला काहीही आधार नाही. वर्णनात धातू आणि वजन लेखी दिलं असेल तर मोडीचा भाव धरा, तोही कपात करून. काहीच दिलं नसेल तर तळहातावर मावेल एवढी नाममात्र रक्कम. त्या ढिगात खरंच काही निघालं तर आनंद होईल, पण त्या आनंदाचे पैसे आधी भरू नका.

हातोड्याच्या किमतीवर आणखी किती चढतं?

विचारात धरलं नव्हतं एवढं. १९७५ साली लंडनच्या दोन मोठ्या लिलावगृहांनी खरेदीदाराकडून कमिशन घ्यायला सुरुवात केली आणि आता ते बहुतेक ठिकाणी आहे, साधारण २० टक्क्यांच्या आगेमागे. त्यावर लिलाव चालवणाऱ्या संकेतस्थळाचं वेगळं शुल्क, मग पाठवणी, विमा, चलन बदलताना बँकेची कपात, दुसऱ्या देशातून येत असेल तर आयातकर. अटींचं पान कंटाळवाणं असतं, पण बोली लावण्याआधी ते वाचायलाच हवं.

गणित उलटं करा. समजा, सगळी नाणी विकून, विक्रीचा खर्च जाऊन, तुमच्या हातात १००० पडतील (चलन कोणतंही असो). त्यातून चुकांसाठी आणि मेहनतीसाठी १५ टक्के बाजूला काढले, उरले ८५०. आयातकर १० टक्के असेल तर ८५० ला १.१० ने भागा: सुमारे ७७२. पाठवणी आणि विम्याचे ४० वजा करा: ७३२. कमिशन २० टक्के असेल तर १.२० ने भागा: ६१०.

म्हणजे हजाराच्या संग्रहाला तुमची कमाल बोली ६१०. पहिल्यांदा हा आकडा पाहून माणूस हबकतो आणि कुठेतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा हिशेब करतो. चुकलेलं नसतं. टक्के नुसते बेरजेने वजा करू नका, एकावर एक चढतात म्हणून भागावेच लागतात. तुमचे दर टाकून हे एका कागदावर कायमचं मांडून ठेवा.

आकडा ठरला. आता बोली केव्हा आणि कशी लावायची?

बहुतेक संकेतस्थळांवर कमाल रक्कम भरून ठेवता येते आणि यंत्रणा तुमच्या वतीने दुसऱ्यापेक्षा एक पायरीच वर जाते. तेव्हा खरा आकडा भरायला घाबरू नका. तुम्हाला देणं लागतं ते दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या जरा वर. ठरावीक वेळेला बंद होणाऱ्या लिलावात मी शेवटच्या काही सेकंदांत एकदाच बोली लावतो. त्यात काही गनिमी कावा नाही. आधी बोली लावली की चार दिवस आपण ते पान उघडून बघत राहतो, कुणी वर गेलं की अंगावर घेतो, आणि ६१० चे ६८० कधी झाले ते कळत नाही. बोली आली की वेळ वाढणाऱ्या लिलावात शेवटच्या सेकंदाला अर्थ नाही. तिथे आकडा भरा आणि पान बंद करा.

एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बोस्टन विद्यापीठाच्या एमबीए विद्यार्थ्यांसमोर नाणी वगैरे भरलेल्या बरण्या ठेवल्या होत्या. प्रत्येक बरणीची खरी किंमत ८ डॉलर, पण हे त्यांना माहीत नव्हतं. विद्यार्थ्यांच्या अंदाजांची सरासरी निघाली ५.१३ डॉलर, म्हणजे एकूण वर्गाने किंमत कमीच धरली होती. तरीही जिंकणाऱ्या बोलींची सरासरी होती १०.०१ डॉलर. सगळ्यांचे अंदाज मिळून कमी असले तरी लॉट जातो तो ज्याचा अंदाज वरच्या बाजूला सगळ्यात जास्त चुकला त्याच्याकडे. तेल उत्खननाच्या हक्कांचे लिलाव अभ्यासणाऱ्या अभियंत्यांनी १९७१ मध्ये हीच गोष्ट मांडली होती.

नाणेसंग्रहाचा लॉट ही तशीच बरणी आहे. आत काय आहे हे कुणालाच पूर्ण माहीत नसतं. म्हणून बोलीदार जितके जास्त, तितका आपला आकडा खाली आणायचा, वर नव्हे. मनाला हे पटत नाही, कारण गर्दी पाहून वाटतं की यात काहीतरी असणार. माझा साधा नियम असा: जो लॉट फोटोत नीट दिसतो त्याला १५ टक्के राखीव, धूसर असेल तर ३०.

मला विकायचंच नाही, संग्रहात ठेवायचं आहे. मग हा सगळा हिशेब कशाला?

ठेवण्यासाठी घेत असाल तर तुमच्याकडे नसलेल्या नाण्यांना पूर्ण किरकोळ भाव लावा, कारण तुम्ही ती बाहेर तेवढ्यालाच घेतली असती. पण लॉटमधली बाकीची? त्यातली निम्मी तुमच्याकडे आधीच आहेत, आणि ती कधीतरी विकावीच लागतील. त्यांना विक्रीचाच भाव. अनेकदा असं निघतं की लॉटमधली तीनच नाणी हवी होती आणि ती सुटी घेतली असती तर स्वस्त पडली असती.

एखाद्या नाण्यासाठी जीव तुटत असेल तर थोडं जास्त द्या, त्यात काही गैर नाही. मीही देतो. फक्त ते जास्तीचे पैसे कागदावर वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे ते भावात मिसळत नाहीत.

बनावट नाण्यांचा धोका किमतीत कसा धरायचा?

लॉटमधल्या सगळ्यात महागड्या सुट्या नाण्याकडे आधी संशयाने बघा. सामान्य नाण्यांच्या ढिगात एकच अतिदुर्मीळ वर्ष चमकत असेल, तर ते खरं असल्याचं सिद्ध होईपर्यंत मी त्याला सामान्य वर्षाचाच भाव लावतो. टांकसाळीचं चिन्ह मागाहून चिकटवलेलं किंवा आकडा कोरून बदललेलाही असतो. अशा वेळी नाणं आणि चांदी दोन्ही खरी असतात, त्यामुळे वजनावरून काहीच कळत नाही. म्हणून त्या एका नाण्याच्या चिन्हाचा जवळून काढलेला फोटो हवाच.

विकणाऱ्याला वजन दशांशात आणि व्यास विचारा. मॉर्गन डॉलर ३८.१ मिलिमीटरचा, तो २४ ग्रॅम भरला तर झिजेमुळे एवढी घट होत नाही. चुंबकाला चिकटलं नाही म्हणून चांदी, हा गैरसमज आहे. पितळही चिकटत नाही.

‘आजोबांचा संग्रह, साठ वर्षं कपाटात होता’ असं लिहिलेलं असतं. त्याला काही किंमत?

गोष्टीला नाही. आजोबांनी हाताने लिहिलेली पाकिटं, जुन्या लिलावांची चिठ्ठी, पावत्या फोटोत दिसत असतील तर त्यांना मात्र आहे. अशा पावत्यांवर खरेदीचा दिनांक असतो, आणि त्यानंतर तयार झालेल्या बनावटी तिथे आपोआप बाद होतात. प्राचीन नाण्यांच्या बाबतीत हे कागद अधिकच मोलाचे. सांस्कृतिक वारशाच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे आणि त्याआधीपासून संग्रहात असल्याचा पुरावा असलेल्या नाण्याला आज वेगळा भाव मिळतो. पुरावा नसेल तर दोन्ही देशांचे आयात-निर्यातीचे नियम वाचल्याशिवाय बोली लावू नका. जप्त झालेल्या नाण्याची किंमत शून्य.

लॉट जिंकला, पार्सल आलं. पहिल्यांदा काय करायचं?

पेटी उघडतानाचा व्हिडिओ, न थांबवता. मग प्रत्येक नाणं लिलावातल्या फोटोशी ताडून पाहायचं. तक्रारीची मुदत बहुतेक ठिकाणी मोजक्या दिवसांची असते. काहीही पुसायचं नाही, धुवायचं नाही.

मग काटा काढा. महत्त्वाच्या चांदीच्या नाण्यांसाठी मी असं करतो: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणतो. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं सोडतो. खरा मॉर्गन असेल तर काटा २.६ ग्रॅमच्या आसपास थांबतो, २६.७३ ला त्याने भागलं की घनता सुमारे १०.३ येते, ९० टंच चांदीची. तांबं-निकेलचं असेल तर काटा ३ च्या पुढेमागे जातो. दोरा काढून नाणं मऊ कापडावर नुसतं टेकवून सुकू द्यायचं, चोळायचं नाही.

आणि तो जुना कागद काढून तिन्ही रकान्यांत खरे आकडे शेजारी लिहायचे: काय धरलं होतं, काय निघालं. माझ्याकडे अशा कागदांची एक जाड फाइल आहे. पुढच्या लॉटला किती टक्के राखून ठेवायचे ते मी तीच उघडून ठरवतो.